सबटायटल हिंदी, आवाज साक्रीचा

मी पडताळणीचं काम करतो, हे जळगावच्या मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत कळलं, तेव्हा शेजारच्या काकू मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला आणि आजोबांचा एक पिवळा पडलेला कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या. आमच्या भागात पडताळणी म्हणजे जातपडताळणी. "भाऊ, तुमच्या ओळखीनं लवकर होईल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकू, मी लोकांच्या जाती तपासत नाही, व्हिडिओ तपासतो. "कसले व्हिडिओ?" पुढाऱ्यांचे, युद्धांचे, असे. काकूंनी कागद पिशवीत परत ठेवले आणि फार सहानुभूतीने विचारलं, "पगार देतात का त्याचा?"

देतात. त्याआधी मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाने आधी पानं कमी केली, मग पानं लावणारी माणसं. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेला मराठी जाणणारा आणि कशावर चटकन विश्वास न ठेवणारा माणूस हवा होता. दुसरी अट मी लग्नाआधीपासून पूर्ण करत होतो.

काम सोपं आहे, फक्त कंटाळवाणं आहे. व्हिडिओ म्हणजे अनेक चित्रांची माळ. त्यातली तीनचार चित्रं सुटी करायची, इंटरनेटवर हीच चित्रं आधी कुठे येऊन गेली आहेत का ते शोधायचं आणि मागे मागे जात सगळ्यात जुनी जागा गाठायची. दुकानाच्या पाट्या वाचायच्या, गाड्यांचे नंबर बघायचे, झाडं बघायची. आज सकाळचा म्हणून फिरणारा व्हिडिओ चार वर्षांपूर्वीचा निघतो. पुढाऱ्याच्या भाषणातलं "असं मी कधीच म्हणणार नाही की" एवढंच कापलेलं असतं आणि पुढचं वाक्य देशभर फिरत असतं. मग आपण तसं लिहायचं आणि वर शिक्का मारायचा: खोटे, दिशाभूल करणारे, संदर्भ सोडून, विनोद. 'खरे' असाही एक शिक्का आहे. त्याची शाई सुकली असावी.

युद्धाचे व्हिडिओ ही मात्र वेगळी जात आहे. पुढाऱ्याच्या व्हिडिओवर निदान दुसऱ्या पक्षाचे लोक शंका घेतात. युद्धाच्या व्हिडिओवर शंका घेतली की माणूस थेट देशाबाहेर जातो. जळगावात एका सत्कार समारंभात माजी सैनिकांना शाल-श्रीफळ होतं. मागे भला मोठा पडदा, त्यावर आपल्या सैन्याचा मागच्या युद्धातला पराक्रम. रणगाडे फुटत होते, मंचावरचे पाहुणे डोळे पुसत होते. पडद्याच्या कोपऱ्यात गोळ्यांचा आकडा दिसत होता आणि प्रत्येक गोळीबरोबर तो कमी होत होता. तो मोबाइलवरचा खेळ होता. मी आयोजकांना दाखवलं, तर ते म्हणाले, हल्ली रणगाड्यात तसं मीटरच येतं. पहिल्या रांगेत एक निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांना मी नंतर विचारलं, तुमच्या लक्षात नाही आलं? ते म्हणाले, "पहिल्याच मिनिटाला आलं. पण शाल मिळायची बाकी होती."

हे सगळं पोटापाण्याचं झालं. ज्या एका प्रकरणाने मला या कामाची हद्द दाखवली, ते धरणगावच्या आबांच्या मोबाइलवरून माझ्याकडे आलं.

आबा माझ्या नात्यातले, निवृत्त मुख्याध्यापक. रोज सकाळी ते मला पाचसहा व्हिडिओ पाठवतात आणि खाली विचारतात, 'हे खरे आहे काय?' मी उत्तर पाठवतो. ते उत्तर ते वाचत नाहीत, कारण तोवर पुढचे पाचसहा पाठवण्यात गुंतलेले असतात. त्या दिवशी मात्र प्रश्न नव्हता. 'अखेर सत्य बाहेर आले!' एवढंच होतं.

व्हिडिओ काळापांढरा. फार पूर्वी होऊन गेलेला एक मोठा नेता, जुन्या युद्धाच्या काळात, वाळूच्या पोत्यांमागे उभा राहून फील्ड टेलिफोनवर बोलतो आहे. शेजारी लष्करी अधिकारी. पाठीमागे गंभीर संगीत. खाली हिंदी सबटायटल: 'चौकी ख़ाली कर दो. उन्हें आने दो.' वर लाल अक्षरांत मथळा: 'शत्रूशी त्याच्याच भाषेत झालेलं गुप्त संभाषण'. उत्तरेत हा व्हिडिओ दोन दिवसांत कुठल्या कुठे गेला होता.

मी आवाज मोठा केला. नेता म्हणत होता, "थांब रे भो! मन्ही सालीनं लगीन शे. बठ्ठा गडी माघारी बलाव. पंगतमा वाढाले मानसं कमी पडी ऱ्हायनात. वरणबट्टी गार व्हई जाई!"

मेव्हणीचं लग्न आहे, सगळे गडी परत बोलव, पंगतीत वाढायला माणसं कमी पडताहेत, वरणबट्टी गार होईल. शत्रूची भाषा म्हणे ती हीच: आमची खानदेशी अहिराणी, लग्नाच्या वरणबट्टीसकट. मी आबांना फोन लावला.

"आबा, आवाज ऐकला का तुम्ही?"

"ऐकला ना."

"कोणती भाषा आहे?"

"तिकडचीच कुठली तरी असेल. जराशी आपल्यासारखी वाटते."

"आबा, तो वरणबट्टी म्हणतोय."

आबा म्हणाले, "तिकडेही करत असतील."

आबांचा जन्म अहिराणीत झाला, लग्न अहिराणीत झालं, अजून रागावतात ते अहिराणीतच. पण चाळीस वर्षं त्यांनी वर्गात मुलांना 'शुद्ध बोला' असं सांगितलं होतं. एवढा मोठा नेता आपल्या घरातली भाषा बोलेल, हे त्यांच्या कानाला पटलंच नाही. खाली छापलेली हिंदी मात्र पटली, कारण ती छापलेली होती. त्या आठवड्यात मी धुळे-जळगावच्या अनेकांशी बोललो. बहुतेकांनी व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला होता. ज्यांनी आवाज लावला होता, त्यांनी आबांसारखं काहीतरी समजून घेतलं होतं. परप्रांतातल्या माणसाला ही भाषा गूढ वाटावी, हे ठीक. आम्हाला स्वतःच्या घरातलं बोलणं सबटायटलमधून समजून घ्यावं लागलं.

आमच्या भागात हे अहिराणी डबिंग जुनं आहे. जुनी चित्रफीत घ्यायची, मूळ आवाज काढायचा आणि सेनापतींना, साहेबांना, परदेशी पाहुण्यांना बैलाच्या किमतीवरून भांडायला लावायचं. हा व्हिडिओ त्यातलाच, आणि त्यात खोटेपणा नव्हता. खोटेपणा दुसऱ्याच कोणीतरी केला होता: अशा व्हिडिओंच्या सुरुवातीला असते ती 'फक्त हसण्यासाठी' ही पाटी कापली, संगीत बदललं आणि खाली स्वतःची हिंदी चिकटवली.

आवाज कोणाचा, हे शोधायला मला काही करावं लागलं नाही. व्हिडिओखालच्या शेकडो शिव्यांमध्ये आमच्या लोकांनी अभिमानाने लिहिलं होतं, 'अरे, हाऊ ते आपला भटू शे! साक्रीना!' एकाने तर दुकानाचा पत्ता दिला होता, शेजारच्या पिंपळासकट. ते जसं मी वाचलं, तसंच त्या नेत्याचं नाव घेणाऱ्या पक्षाच्या धुळ्यातल्या एका पदाधिकाऱ्यांनीही वाचलं. त्यांनी दिवंगत नेत्याच्या बदनामीची तक्रार दिली आणि भटूला पोलिसांचं बोलावणं आलं.

मी जळगावहून एसटीने साक्रीला गेलो. भटूचं दुकान म्हणजे मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि मागे पडद्याआड गादी लावून आवाज बंद केलेली एक खोली. भटू पस्तिशीचा, बारीक, आवाज मात्र तीन माणसांना पुरेल एवढा. गल्ल्यावर त्याची बायको सुरेखा बसली होती. मी ओळख सांगितली, तशी भटूच्या आधी तीच बोलली.

"भाऊ, यास्ले धरी लई जातीन का?"

मी म्हटलं, मूळ व्हिडिओ दाखवला तर पोलीस धरून नेतील? बहुतेक नाही. त्यात पाटी आहे, विनोद आहे हे दिसतं. कुठाय तो?

"मी घाबरी गऊ, भाऊ," भटू म्हणाला. "बठ्ठं डिलीट करी टाकं. अख्खं चॅनेलच."

"आनि मोबाइल बी धुई टाकेल शे," सुरेखा म्हणाली. "धुई म्हनजे, पाण्यानी नही. ते फॉरमॅट का काय म्हनतस, ते. मी सांगत व्हतू, करू नका. पन माझं ऐकतस का?"

म्हणजे पाटी असलेला खरा व्हिडिओ जगातून गेला होता आणि पाटी कापलेला खोटा सगळीकडे होता. पुराव्याच्या दृष्टीने भटूने स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देऊन ठेवली होती. निर्दोष माणसं हे फार करतात. गुन्हेगार नीट जपून ठेवतात, त्यांना वकील असतो.

सुरेखालाच आठवलं, की आठवडी बाजारात एक सलीमभाई बसतात. ते ट्रॅक्टरवाल्यांना आणि ट्रकवाल्यांना मेमरी कार्ड भरून देतात: गाणी, भजनं, अहिराणी कॉमेडी. बाजार त्याच दिवशी होता. सलीमभाई मिरचीवाल्या आणि चपलावाल्याच्या मध्ये छत्री लावून बसले होते. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि भटूचं अख्खं चॅनेल आमच्यासमोर हजर केलं. परवानगी न घेता उतरवून ठेवलेलं.

"सलीमभाई, हाई चोरी शे," भटू म्हणाला.

"मंग पुसी टाकू?" सलीमभाईंनी विचारलं.

भटूने त्यांचा हात धरला.

मी पुण्याला आमच्या संपादक मुग्धाला फोन केला. मुग्धा वयाने माझ्या मुलीएवढी आणि शिस्तीने माझ्या जुन्या मुख्य उपसंपादकाएवढी. ती म्हणाली, "सर, छान. पण फाइलची तारीख धरता येणार नाही. एका लॅपटॉपवरून दुसरीकडे गेली की तारीख बदलते. ही आवृत्ती नंतर बनवून ठेवली असंही कोणी म्हणेल." तिचं बरोबर होतं. आपल्या बाजूचा पुरावा आपल्याला आवडतो म्हणून तो जास्त भक्कम होत नाही. आम्ही 'मूळ विनोदी व्हिडिओचा विपर्यास' असं लिहू शकत होतो, पण भटू कोठडीबाहेर राहील की नाही, हे आमच्या लेखावर ठरणार नव्हतं. सुरेखाने मला बसस्टँडवर सोडताना पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा 'बहुतेक नाही' असं म्हटलं. यावेळी ते मलाच पोकळ वाटलं. "तुम्ही संगे या," ती म्हणाली. "त्यास्ले सायबासमोर बोलता नही येत. माइकसमोरच येतं."

म्हणून धुळ्याला पोलिसांकडे मी सोबत गेलो. साहेब कोकणातले, नुकतेच बदलून आलेले, सभ्य आणि थकलेले. समोरच्या खुर्चीत तक्रारदार पदाधिकारी, कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख. दाराशी एक हवालदार बाई, आणखी दोघे शिपाई. भटू उभाच.

साहेबांनी व्हिडिओ लावला, आवाज बारीक ठेवून. "इथे स्पष्ट लिहिलंय, चौकी खाली करा."

"साहेब, लिहिणारा वेगळा, बोलणारा वेगळा," मी म्हटलं. "जे लिहिलंय, ते हा बोलतच नाही."

"मग काय बोलतोय? भाषांतर करा."

मी केलं. आयुष्यभर उपसंपादक असल्यामुळे माझी मराठी अशा वेळी आपोआप सरकारी होते. मी म्हणालो, "माझ्या मेव्हणीचा विवाह आहे. सर्व जवानांना माघारी बोलवा. पंगतीत वाढण्यास मनुष्यबळ अपुरे पडत आहे."

साहेबांनी पेन उचललं. "म्हणजे माघार घ्यायला सांगितलंच की. आणि तेही घरगुती कारणासाठी."

"हेच म्हणतोय मी!" पदाधिकारी म्हणाले. "हे तर सबटायटलपेक्षा वाईट आहे."

भटूने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. मदतीला आलेल्या माणसाने दोन वाक्यांत आरोप दुप्पट केला होता. प्रत्येक शब्द बरोबर होता आणि सगळं मिळून साफ चुकलं होतं. मी खुलासा करू लागलो: साहेब, हा विनोद आहे, यात अमुक अपेक्षित आहे. विनोद समजावून सांगणाऱ्या माणसाकडे जसं पाहतात, तसं साहेब माझ्याकडे पाहू लागले.

तेव्हा दाराशी काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. हवालदार बाईंनी तोंडावर रुमाल धरला होता.

"काय झालं?"

"काही नाही साहेब. सॉरी साहेब." बाईंचे खांदे हलत होते. "मेव्हणी नाही साहेब, साली. आणि मनुष्यबळ नाही हो. आवाज वाढवा ना जरा, म्हणजे कळेल तुम्हाला."

मी सलीमभाईंची पूर्ण आवृत्ती पुढे केली. साहेबांनी आवाज वाढवला. आधी पाटी आली, 'फक्त हसण्यासाठी'. मग नेता बोलू लागला. 'वरणबट्टी'ला एक शिपाई वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्यानंतरचा भाग उत्तरेतल्या आवृत्तीत नव्हताच. पलीकडून शत्रूचा सेनापती फोनवर म्हणतो, की आम्हाला आवतन नाही, म्हणून आम्ही रुसलो आहोत. आणि नेता कपाळावर हात मारून म्हणतो, "पत्रिका धाडेल व्हती रे भो! तुन्हा पत्ताच खंदकना, पोस्टमन येस का तठे?"

आतल्या खोलीतून आणखी दोघे येऊन उभे राहिले. पोलीस सगळे हसत होते, कोकणातले साहेब सोडून. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते, शांतपणे, साक्षीदार मोजावेत तसे. मग त्यांची नजर पदाधिकाऱ्यांवर थांबली. पदाधिकारी ओठ घट्ट मिटून छताकडे पाहत होते. त्यांनीही व्हिडिओ आजवर आवाज बंद करूनच पाहिला असणार. मान लाल झाली, नाकातून हवा सुटली आणि रुसलेला सेनापती "मंग निदान मूठभर बुंदी तरी धाड" म्हणाला, तसे ते फुटले. खुर्चीत पुढे वाकून, पांढऱ्या बाहीला डोळे पुसत हसले. हसता हसता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मन्ही मायनी शपथ, आमना मामासारखाच बोलस हाऊ!"

साहेबांनी व्हिडिओ थांबवला. "तक्रारदार, तुम्ही हसताय."

पदाधिकारी ताठ बसले. "हसलो म्हणून काय झालं? भावना दुखावलेल्याच आहेत."

"आत्ता, की आधी?"

पदाधिकारी बाहीची इस्त्री नीट करू लागले. साहेबांनी मला विचारलं, की हे हिंदीत लिहिलंय ते याने लिहिलेलं नाही, एवढं तुम्ही लेखी द्याल का? मी म्हटलं, त्याच्या आवाजात ते नाही, एवढं देतो. कोणी लिहिलं, ते मला माहीत नाही. आमच्या धंद्यात माहीत नसलेलं माहीत आहे असं म्हणता येत नाही, मग समोरच्याचं कितीही चांगलं होत असलं तरी. साहेबांनी मान डोलावली. त्यांना तेवढं पुरलं.

भटू त्या दिवशी घरी गेला. पण तसाच नाही. पदाधिकाऱ्यांना रिकाम्या हाताने परतणं शक्य नव्हतं, बाहेर चार कार्यकर्ते गाडी लावून उभे होते. तेव्हा तक्रार मागे घेण्यासाठी त्यांनी एक अट घातली: भटूने यापुढे कोणत्याही नेत्याचा आवाज काढायचा नाही, हयात असो वा नसो, आणि तसं लिहून द्यायचं. भटूने सुरेखाला फोन लावला. फोनवर ती काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. त्याने सही केली. मी मध्ये काही बोललो नाही. कायद्याने ही अट टिकली नसती, हे मला ठाऊक होतं. पण वकील लावून ती मोडायची, तारखांना धुळ्याला खेपा घालायच्या, हे मी कोणाच्या जिवावर सांगायचं?

आमचा लेख आला. मुग्धाने 'साक्री परिसरातील एक कलाकार' एवढंच लिहू दिलं. वर शिक्का: दिशाभूल करणारे. अहिराणी संवाद मी ओळीने लिहून दिले, समोर प्रमाण मराठीत अर्थ. पोलिसांसमोर झालं तेच कागदावर पुन्हा झालं: अचूक, निर्जीव. खोटा व्हिडिओ लाखोंनी पाहिला असेल, लेख आबांनीही पूर्ण वाचला नाही. लेखाखालची पहिली प्रतिक्रिया 'हाऊ ते आपला भटू शे' अशीच होती, पिंपळासकट.

पुढे जिल्ह्यात निवडणुका लागल्या. मी दुसऱ्या कामाने धुळ्यात होतो. बसस्टँडसमोरून भोंगा लावलेली रिक्षा गेली. आतून भारदस्त, संथ, थेट काळजाला हात घालणारा आवाज येत होता: प्रत्येक गावाला बारमाही पाणी, प्रत्येक हाताला काम, दिलेला शब्द पाळणारा तुमचा हक्काचा माणूस. रिक्षावर त्याच पदाधिकाऱ्यांचा हात जोडलेला फोटो. आवाज भटूचा होता.

सवयीने मी रेकॉर्ड केलं आणि मुग्धाला पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं: 'सर, ही आश्वासनं आहेत, दावे नाहीत. आपण भविष्यकाळ तपासत नाही.'

मग भटूला फोन केला. तो खुशीत वाटला. सगळ्याच पक्षांची कामं येताहेत म्हणाला, दुकानातली गादी लावलेली खोली त्याने मोठी करून घेतली आहे.

"लिहून दिलं होतं ना रे," मी म्हटलं, "नेत्याचा आवाज काढणार नाही म्हणून?"

"त्यासनीच काम दिन्हं, भाऊ. त्यासना आवाज थोडी काढस मी? मन्हाच आवाज शे. त्या जे लिखी देतस, ते वाची दाखाडस."

"आणि तक्रार?"

"कोनाचीच नही. बठ्ठा खूष शेतस." मग तो म्हणाला, "फक्त एकच शे, भाऊ. इतलं मोठं मोठं बोलस मी, आनि कोनी हासतच नही."